पाणी निवळल्यावर

"पाणी निवळलं, मग त्यातलं विष गेलं कुठे?"

हा प्रश्न एका धाकट्या उदाने समुद्रकिनाऱ्यावर भेटेल त्याला विचारला. खेकड्याला विचारला, तर तो बिळात शिरला. माकडांना विचारला, तर ती हसली. कावळ्याला विचारला, तर त्याने विषय बदलला. मुलांनो, उत्तर कुणीच दिले नाही. विचारणारा तेवढा भांडखोर ठरला.

ऊद म्हणजे पाणमांजर. हा ऊद घाटाखालच्या एका डोहात आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत असे. आईबाप लवकर गेले. ताईनेच त्याला पोहायला शिकवले, झोडपले आणि वाढवले. आता ताईला स्वतःचे एक पिल्लू होते आणि त्याने समुद्र पाहिला नव्हता. उन्हाळ्यात डोह आटू लागला तशी ताई म्हणाली, "चला, चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ. पोराला लाटा तरी दाखवू." आणि तिघे नदीच्या काठाकाठाने खाली निघाले.

किनारा पाहुण्यांनी फुलला होता. सुरूच्या झाडांवर माकडे, वाळूत लोळणारी रानडुकरे, सावलीला मुंगसांची कुटुंबे. या सगळ्यांची सरबराई एक कावळा करीत असे. कुणी कुठे बसावे, कोणत्या खडकावर शिंपल्या दाट आहेत, सारे तोच सांगे. पाहुणे जेवून उठले की उष्ट्यावर त्याचा ताव. पाहुणे जितके जास्त, तितके त्याचे पोट गच्च.

तिघे पोचण्यापूर्वी तिथले पाणी आठ दिवस तांबडे झाले होते. डोळ्यांना वेगळे दिसणार नाही इतके बारीक विषारी शेवाळ त्यात माजले होते. लाटांवर घाणेरडा फेस, वाळूवर मेलेले मासे, आणि समुद्राकडून वारा आला की ज्याला त्याला ठसका. त्या किनाऱ्याची एक जुनी रीत होती. असे पाणी दिसले की टिटवी वाळूत एक वाळकी फांदी रोवी. फांदी उभी असेपर्यंत कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, फेसाला हात लावायचा नाही, शिंपली तोंडात घालायची नाही. पण नवव्या दिवशी पाणी निवळले आणि कावळ्याने फांदी उपटून फेकून दिली.

"किनारा स्मशानासारखा दिसत होता," तो टिटवीला म्हणाला. "सुट्टीत कुणी रडायला येतं का?"

टिटवी ओरडत राहिली. पण टिटवीचे ओरडणे अभद्र, असे सगळेच लहानपणापासून ऐकत आलेले. पाहुण्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, पण शिंपल्यांना अजून कुणी तोंड लावले नव्हते.

धाकटा ऊद तेवढा तिच्याजवळ गेला. "काय गं, एवढी का ओरडतेस?"

टिटवीने त्याला सगळी हकीकत सांगितली. "पाणी निवळलं तरी दोन पौर्णिमा उलटेपर्यंत आम्ही शिंपलीला चोच लावत नाही. माझी आई लावत नव्हती, तिची आई लावत नव्हती."

"पण विष गेलं कुठे?"

"ते मला नाही ठाऊक, बाबा. रीत तेवढी ठाऊक आहे."

तो धावत सुटला. ताई खडकापाशी गुडघाभर पाण्यात उभी राहून तळ न्याहाळत होती. नदीवरच्या उदांची एक पारख असते. पुराचे गढूळ पाणी ओसरले की तळाचे गोटे मोजायचे. दहा गोटे स्वच्छ मोजता आले की पाणी चांगले आणि त्यातले खाणेही चांगले. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरली होती, कारण नदी आपली घाण वाहून पुढे नेते. समुद्राने ती कुठे न्यावी?

"ताई, बाहेर ये! शिंपल्या खायच्या नाहीत."

"का रे? दहा शिंपल्या मोजल्या मी इथूनच. तळाची वाळूसुद्धा दिसतेय."

"टिटवी म्हणते..."

"टिटवी!" कावळा उड्या मारत जवळ आला. "ताई, तुमचा भाऊ कुणाच्या नादी लागलाय बघा. अहो, पाणी कसं काचेसारखं आहे! अगदीच मनात शंका असेल तर घटकाभर उन्हात ठेवा. असलंनसलं विष उन्हानं मरतं."

"मग तू खाऊन दाखव."

"मी? मी यजमान. पाहुण्यांच्या आधी जेवायची पद्धत नाही आमच्यात."

"पद्धत सांगतोय! फांदी कुणी उपटली रे, काळतोंड्या? विष गेलं कुठे ते सांग आधी!"

"घ्या! डोहातला शहाणा समुद्राला पोहायला शिकवायला आलाय," कावळा म्हणाला आणि झाडावरची माकडे खिदळली.

ताईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "गप्प बस!" ती धाकट्याला म्हणाली. "परक्या ठिकाणी आलोय आपण. तुझं लहानपणापासून हेच. आधी दात दाखवायचे, मग विचार करायचा. पोर सकाळपासून उपाशी आहे, दिसत नाही तुला?"

चारचौघांत बहिणीने कान उपटले, ते त्याला झोंबले. पिल्लाला उचलून पळावे, शिंपल्या लाथाडाव्यात, ताईच्या वाटेत आडवे पडावे, यातले काहीच त्याला सुचले नाही. "खा मग! मरा!" एवढे बोलून तो तरातरा वाळूच्या टेकाडामागे निघून गेला.

तिथे तो उन्हात बसून राहिला. राग उतरायला लागला की कावळ्याचे बोलणे आठवे आणि तो पुन्हा चढे. तेवढ्यात टेकाडावरून पिल्लू धडपडत आले. त्याच्या तोंडात एक शिंपली होती.

"मामा, ही सगळ्यात मोठी. आई म्हणाली, मामाला दे, त्याचा राग जाईल." मग ते हसायला लागले. "मामा, माझ्या ओठांवर मुंग्या चालतायत. गंमतच आहे, दिसत एकही नाही!"

"किती खाल्ल्यास?"

"पाच. आईनं पुष्कळ खाल्ल्या."

पिल्लू पुढचे पाऊल टाकायला गेले आणि त्याचे पाय दुमडले. धाकट्याने त्याला मानेला धरून उचलले आणि टेकाड उतरला. पळताना त्याला पिल्लाचे वजन जाणवत होते. मघाशी ते एवढे जड नव्हते.

ताई वाळूवर पडली होती. डोळे उघडे होते. तिला सगळे दिसत होते, सगळे कळत होते, पण जीभ हलत नव्हती आणि छाती उशिराउशिराने वर येत होती.

"ऊन लागलं असेल," कावळा म्हणाला. "तोंडावर पाणी मारा."

धाकट्याने नदीच्या मुखापर्यंत धाव घेतली, तोंडात गोडे पाणी भरून आणले, दोघांच्या ओठांना लावले. ते बाहेर ओघळले. "ताई, ऊठ. मी काही बोलत नाही आता. तू म्हणशील तसं," तो म्हणत राहिला. माकडे एकेक करून झाडावरून उतरली आणि बोलताबोलता दूर गेली. आधी पिल्लू गेले. ताईने ते पाहिले. मग तीही गेली.

मुलांनो, शिंपली दिवसभर समुद्राचे पाणी गाळून त्यातले शेवाळ खाते. तांबडे पाणी शिंपल्यांनी आठ दिवस गाळले होते. शेवाळ गेले, पाणी काचेसारखे झाले, आणि विष शिंपल्यांच्या पोटात साठून राहिले. शिंपलीला त्याने काही होत नाही. खाणाऱ्याला होते. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, उन्हाने मरत नाही आणि उकळूनही जात नाही. धाकट्याला यातले काही कुणी समजावले नाही. पण ते विष आता ताईच्या पोटात होते, एवढे त्याला न सांगता कळले.

दुपार कलली तसा कावळा पुन्हा आला. पाहुणे निघून गेले होते, उष्टे मिळाले नव्हते. तो दोन हात अंतरावर बसला आणि मान वाकडी करून पिल्लाकडे पाहू लागला.

"अजून किती वेळ राखणार?" तो म्हणाला. "मेलेल्याला कावळा शिवला तर त्याचं भलंच होतं. सगळे मानतात."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिले. खाऊ दे याला, त्याच्या मनात आले. पोटभर खाऊ दे. मग यालाही मुंग्या येतील. तो उठला आणि खरोखरच बाजूला झाला. कावळा एक उडी पुढे आला, दुसरी उडी मारून ताईच्या तोंडाशी पोचला.

आणि धाकट्याने झेप घेतली. कावळ्याच्या शेपटीची तीन पिसे त्याच्या दातांत राहिली.

"जळतोस नुसता!" कावळा सुरूच्या शेंड्यावरून ओरडला. "मेल्यावरही कुणाला घास देत नाहीस!"

धाकटा परत ताईपाशी आला. ताईने आयुष्यात डोहातल्या कुणाचे वाईट केले नव्हते. मेल्यावर तिच्या अंगाने कुणाचा जीव जायला नको, मग तो कावळ्याचा का असेना. भरतीचे पाणी पोचत नाही अशी जागा त्याने पाहिली आणि उकरायला सुरुवात केली. कोरडी वाळू परत परत खड्ड्यात घसरत होती. खाली ओली वाळू लागली, तिच्याही खाली खडे लागले, त्याची नखे तुटली, तरी कुणाची चोच किंवा नांगी पोचणार नाही इतके खोल तो गेला. मग त्याने ताईला ओढत आणून आत निजवले, पिल्लाला तिच्या पोटाशी ठेवले, आणि वरून वाळू लोटून ती चारी पायांनी दाबून घट्ट केली.

तात्पर्य : निवळलेल्या पाण्यावर विसंबून शिंपल्या खाऊ नयेत, किनाऱ्यावरच्या इशाऱ्यावर विसंबावे, आणि धोका ज्याला कळला आहे त्याने भांडावे, हवे तर चावावे, पण रुसून निघून जाऊ नये.