घरगाडीतली कोंबडी

गाड्या बोलत असत त्या काळी कुडाळजवळ माडाखाली एक जुनी गाडी गंजत उभी होती. तिच्यात एक कोंबडी राहत असे, म्हणून लोक तिला खुराडंच म्हणत. एकदा गाड्या दुरुस्त करणारी रोझलिन आली. तिने रंग खरवडला, आतला घडीचा पलंग आणि इवलीशी शेगडी पाहिली.

"अगं, तू तर घरगाडी! माणसं तुझ्यात राहून गावोगाव फिरायची. तुला पुन्हा रस्त्यावर आणते."

गाडीला भरून आलं. पण रोझलिन पलंग काढू लागताच त्यावर बसलेली कोंबडी कळवळली, "माझी अंडी गार पडतील गं!"

गाडी म्हणाली, "थांब, रोझलिन. मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा हिने मला घर मानलं. पिल्लं निघू देत."

रोझलिनने पलंग तसाच ठेवला आणि चाकांच्या कामाला लागली.