वेशीतला खळगा

“बाबा, एकदाचं सांगून टाका ना. जमलंय की नाही?”

रेवणनं तिसऱ्यांदा विचारलं.

शहराच्या जुन्या दक्षिण वेशीची दुरुस्ती संपली होती. आतल्या भिंतीवर रेवणनं चार महिने खपून मोठं चित्र काढलं होतं. सगळं शहर वाहवा करत होतं, पण तेवढ्यानं त्याचं मन भरत नव्हतं. त्याला हवा होता रहमतबाबांचा एक शब्द. आणि कौतुकाच्या बाबतीत बाबा महाकंजूस.

बाबांनीच त्याला चुन्याचं काम शिकवलं होतं. आता त्यांना दिसत नव्हतं.

“काढलंयस काय?”

“गाव सोडून निघालेली माणसं. मधोमध सासरी निघालेली मुलगी. भिंतीवर हात टेकवून उभी आहे. जाताना सगळे टेकवतात ना, तसा.”

बाबा भिंतीपाशी गेले. खांद्याच्या उंचीवर हात फिरवू लागले. डावीकडे... उजवीकडे... पुन्हा डावीकडे.

“इथं खळगा होता.”

“होता ना. हात टेकवून टेकवून लोकांनी गिलावा पार झिजवला होता. मी जुना सगळा उतरवला, बाबा. नवा चढवून आठ दिवस घोटला. कुठं काही हाताला लागतंय का बघा.”

“नाही लागत.”

रेवण खुलला. बाबांचा हात मात्र अजून शोधतच होता.

“माझी शमीम सासरी गेली, तेव्हा इथंच हात ठेवून गेली,” बाबा म्हणाले. “परत आली नाही. पहिल्याच बाळंतपणात... मग मी रोज सकाळी यायचो. तिनं ठेवला होता तिथं हात ठेवायचो.”

रेवणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्रातल्या मुलीचा हात त्यानं किती हौसेनं रंगवला होता. आता त्याला तिकडे बघवेना.

“कधी बोलला नाहीत, बाबा.”

“भिंत सपाट कर, हेच तुला दहा वर्षं सांगत आलो. कुठली करू नकोस, ते सांगायचं राहिलं... चूक तुझ्या एकट्याची नाही.”

रेवणनं पिशवीतून छिन्नी काढली.

“मी पुन्हा कोरतो खळगा. तासाभरात होईल. चित्र गेलं तर गेलं.”

बाबांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं. छिन्नी काढून घेतली, खाली ठेवली. मग त्याचा तळवा उघडून भिंतीवर टेकवला. वर आपला हात ठेवून दाबून धरला.

रेवणच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. बोटांखाली त्याचा स्वतःचाच रंग होता.

“रोज असे हात लागले तर चित्र राहायचं नाही, बाबा...”

“हा पहिला हात,” बाबा म्हणाले.