तगरच्या आईचं गाठोडं

डोंगराच्या पलीकडे एक गाव होतं आणि अलीकडे एक. पलीकडच्या गावावरून दोन राजांचं भांडण जुंपलं. भांडले राजे, पण घरं जळली गरिबांची. तिथली माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. त्यांतलीच एक होती आठ वर्षांची तगर. आईचं बोट धरून ती सात दिवस चालली आणि अलीकडच्या गावात येऊन पोचली. या गावाचं नाव मोरटेक.

मोरटेकच्या लोकांनी त्या दोघींना टेकडीखालची रिकामी झोपडी दिली. छपराला भोकं होती, चूल फुटकी होती, दाराला कडी नव्हती. पण तगरला त्याचं काही नव्हतं. तिला काळजी होती ती आईच्या गाठोड्याची. जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं ते गाठोडं आई सोडतच नव्हती. रोज संध्याकाळी ती त्याच्या गाठी आणखी घट्ट करायची.

"आई, सोड ना ते गाठोडं," तगर म्हणायची.

"नको बाळा. कधी उठून जावं लागेल, सांगता येत नाही. आणि कुणाकडे काही मागू नकोस हं. आपण इथले नाही."

तगर आईचा पदर घट्ट धरायची. तिला मोरटेक फार आवडलं होतं. तिला पुन्हा कुठे चालत जायचं नव्हतं.

झोपडीमागे डाळिंबाची बाग होती आणि बागेत एक बारीकसा झरा. इतका बारीक, की घागर भरायला अर्धी सकाळ जायची. एकदा तगर भरली घागर घेऊन निघाली, तर कुंपणाच्या बाभळीवर काहीतरी लुकलुकलं. जवळ जाऊन बघते तो काय, अंगठ्याएवढी चिमुकली परी! जांभळा परकर, चंदेरी पोलकं, आणि एक इवलासा पंख बाभळीच्या डिंकात पक्का चिकटलेला.

"हसू नकोस," परी म्हणाली. "डिंक खायला आले होते."

तगर हसली नाही. ओंजळीतून थेंब थेंब पाणी सोडत तिनं डिंक भिजवला. डिंक चिवट होता. सगळी घागर रिकामी झाली तेव्हा कुठे पंख सुटला. त्यावरचे निळे, गुलाबी, सोनेरी ठिपके उन्हात चमचमले.

"गुणाची गं माझी पोर," परी म्हणाली. "मी लुकलुकी. तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐकून घे. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि माणसाच्या हातांनी होण्यासारखं काम मला सांगायचं नाही. मी परी आहे, कामाला ठेवलेली बाई नव्हे."

"आमचं छप्पर गळतं. आई भिजते."

"हे हातांचं काम. चिंचेखाली भिकूअण्णा सुतार राहतात, त्यांना सांग."

"पण आई म्हणते, मागू नये."

"मग मागू नकोस. नुसतं सांग."

तगर भिकूअण्णांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरून झाल्यावर एकदाचं म्हणाली, "अण्णा, आमचं छप्पर गळतं."

भिकूअण्णांनी ओटीवरची पितळी घंटा वाजवली. मोरटेकमध्ये एक हातभार मंडळी होती. परगावाहून कुणी आलं आणि त्याला काही कमी पडलं की ती घंटा वाजायची, आणि ज्याला जे येतं ते करायला तो धावत यायचा. बघता बघता छपरावर नवं पिवळंधमक गवत चढलं. हौसाकाकूंनी लालचुटुक मातीची चूल घातली. नानू मास्तरांनी तगरला पाटी दिली आणि शाळेत बसवलं. बाजार कुठे, वैद्य कुठे, विहीर कुठे, सगळं मंडळींनी आईला बरोबर नेऊन दाखवलं. रोज कुणाकडून तरी गरम भाकरी यायची.

आता सगळं छान झालं ना? छे! मंडळी सोन्यासारखी होती, पण एक गोष्ट चुकत होती. आईनं कुदळ उचलली की भिकूअण्णा म्हणायचे, "राहू द्या, तुम्ही दमला असाल." आई भांडी घासायला बसली की हौसाकाकू ती काढून घ्यायच्या. आई हात जोडायची. हात जोडून जोडून बिचारी अगदी गप्प झाली. गाठोड्याला दोन गाठी होत्या, त्यांच्या तीन झाल्या.

तगर धावत बागेत गेली. "लुकलुकी, आईचं गाठोडं सोडशील?"

"चुटकीसरशी सोडीन. पण ती उद्या पुन्हा बांधील."

तगरला रडू आलं. मग ती डोळे पुसून विचार करू लागली. पलीकडच्या गावात आई अशी नव्हती. सकाळपासून दारात बायका असायच्या. कुणाला सुई हवी, कुणाला दोरा, कुणाला बाळासाठी गोधडी बेतून हवी. आईला उसंत नसायची आणि आई गाणं गुणगुणत असायची.

"मग असं कर," तगर हळूच म्हणाली, "कुणीतरी माझ्या आईकडे काहीतरी मागू दे."

लुकलुकी म्हणाली, "खरं म्हणजे हेही माणसांना जमण्यासारखं आहे. पण कुणाला सुचत नाहीये. तेवढं मी सुचवते." आणि तिनं गावाच्या दिशेनं फू करून फुंकर मारली.

त्याबरोबर मोरटेकच्या लोकांच्या सगळ्या सुया नाहीशा झाल्या. डब्यातल्या, भिंतीला टोचलेल्या, अगदी भिकूअण्णांचा दाभणसुद्धा! नानू मास्तर सदऱ्याचं तुटलेलं बटण मुठीत धरून शाळेत आले. सगळ्यांत मोठी पंचाईत झाली हौसाकाकूंची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं बारसं होतं आणि गोधडी अर्धीच शिवून झाली होती. दारोदार फिरून काकू शेवटी गोधडी काखेत घेऊन टेकडीखाली आल्या.

"तगरच्या आई," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुई आहे का हो घरात? आमची गोधडी अडली आहे."

आई बघतच राहिली. मग उठली. पहिली गाठ सोडली, दुसरी सोडली, तिसरी दातांनी सोडली. गाठोड्यातून सुयांची डबी निघाली, रंगीत दोऱ्यांची गुंडाळी निघाली, जुन्या घरातली समई निघाली.

"सुई आहे," आई म्हणाली. "पण तुमचा टाका फार लांब पडतोय. आणा इकडे ती गोधडी."

हौसाकाकूंनी निमूटपणे गोधडी पुढे केली. या वेळी "तुम्ही बसा" असं त्या म्हणाल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. मध्यभागी एक ठिगळ कमी पडलं, तेव्हा आईनं गाठोड्याच्या हिरव्या लुगड्याचाच तुकडा कापला. कात्रीचा आवाज ऐकून तगरचा जीव भांड्यात पडला. आता बांधायला अख्खं लुगडंच उरलं नव्हतं.

बारशाला बाळ त्या गोधडीत गुलगुलीत झोपलं. बायकांनी आईच्या भोवती गराडा घातला. आमच्याकडेही या, आम्हालाही शिकवा, एकच गलका. आणि सगळ्या सुया जिथल्या तिथे परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुकलुकी डाळिंबाच्या लाल फुलावर बसली होती. "दोन इच्छा उरल्यात, तगर."

तगर म्हणाली, "आमच्या गावचे आणखी पुष्कळ लोक कुठे कुठे गेलेत. त्यांच्याही दारात कुणीतरी काहीतरी मागायला येऊ दे. एक इच्छा डोंगराच्या या बाजूला, एक त्या बाजूला."

"दिल्या," परी म्हणाली. तिचे पंख उजळले, निळे, गुलाबी, मग नुसते सोनेरी. सगळी बाग झळाळली. तो उजेड दोन वाटांनी डोंगरावर पसरत गेला आणि फुलावर फक्त दवाचा एक थेंब राहिला.

तगर घरी आली. समई कोनाड्यात लखलखत होती. आई चुलीवर दूध तापवत गाणं गुणगुणत होती. मागे न बघताच तिनं तगरच्या हातात वाटी दिली.

"जा गं, हौसाकाकूंकडून थोडं विरजण मागून आण," ती म्हणाली. "सांग, आईनं मागितलंय."

तगर वाटी घेऊन धावत सुटली. जशी तिची वाटी भरली, तशी तुमचीही भरो.