उंबऱ्याच्या आतलं इंटरनेट

सांगलीतल्या एका सोसायटीत कुमुदताई रेगे एकट्या राहायच्या. टोरंटोच्या मुलाने त्यांना ब्रॉडबँड घेऊन दिलं होतं. त्याचा फोन मात्र रविवारीच यायचा, तोही घाईत. ताईंनी जिन्यातून वायरी सोडून शेजारच्या तीन घरांतले कॉम्प्युटर आपल्या कनेक्शनला जोडून दिले. वायरी घरोघर पोचल्या, पण ताईंची बेल कुणी वाजवेना.

चेअरमन घैसासांना नोटिसा काढायची भारी हौस. एक दिवस ते कागद नाचवतच आले. "एका घराचं कनेक्शन त्या घराच्या उंबऱ्याच्या आतच वापरायचं. नियम म्हणजे नियम!"

"अगदी बरोबर," म्हणत ताईंनी मुकाट्याने वायरी गुंडाळल्या आणि तिन्ही घरी निरोप धाडला.

आठवड्याने घैसास तपासणीला आले, तर दारात चपलांचा ढीग! आत जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर मांडलेले. पोंक्षे ऑफिसचं काम करत होते, तांबोळींची शबाना परीक्षेचा फॉर्म भरत होती, आणि वरच्या मजल्यावरचे माळी आपला मॉनिटर गणपतीसारखा छातीशी धरून आत शिरत होते.

"हे काय चालवलंय?" घैसास कडाडले.

"तुमचा नियम पाळतेय. वायर बाहेर गेली नाही, माणसं आत आली."

घैसासांनी नोटीस पुन्हा वाचली. तिच्यात माणसांबद्दल काहीच नव्हतं. "मग मी हा नियमच रद्द करतो!"

ताईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. "तेवढं करू नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "नियम गेला, की ही सगळी आपापल्या घरी जातील."