सुगडावरच्या तीन शाळा

"संक्रांतीपर्यंत जो शाळा निवडणार नाही, त्याचं पोर प्रधानजींच्या मेहुण्याच्या शाळेत!" करवंदगडच्या राजाने हुकूम सोडला. गडाखाली शाळा होत्या तीन, पण लोकांना ठाऊक ही एकच. तिथे ढेरपोट्या मेहुणा गुरुजी म्हणून बाजेवर घोरायचा आणि पोरं त्याला वारा घालायची.

येसू कुंभारणीची ठकी चुणचुणीत पोर. ती काय ढेरीला वारा घालणार? येसू मातीच्या हातांनीच दरबारात उभी राहिली.

"महाराज, निवडायचं कशातून? कुणी सांगितलंय का?"

"चौकाचौकात पाट्या लावल्यात!" राजा कडाडला. "प्रधानजींनी आम्हांला वाचूनसुद्धा दाखवल्या!"

"आम्हांला कोण वाचून दाखवणार? वाचता येत असतं, तर शाळा कशाला हुडकली असती?"

दरबारात खसखस पिकली. राजा हट्टाला पेटला. "मग तूच कळव घरोघर! पण दवंडी नाही, अक्षर नाही, तोंडातून शब्द नाही, कुणाच्या उंबऱ्यावर पाऊल नाही! चुकलीस, तर सगळ्यात जड पंखा ठकीच्या हातात!"

प्रधान मिशीत हसला. येसू "बरं" म्हणाली, गडाखाली फिरून तिन्ही शाळा पाहून आली आणि घरी जाऊन चाकावर बसली.

संक्रांतीची सुगडं घ्यायला सगळा गाव कुंभाराच्या दारी येतोच. यंदा प्रत्येक सुगडावर तीन चित्रं. नदीकाठी वड, खाली पाटी घेतलेल्या मुली. माळावर खोपट, पुढे रंधा मारणारी पोरं. आणि तिसऱ्यात बाजेवर एक ढेरी, भोवती पंखेच पंखे!

बायका बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या, सुगडं घेऊन घरी पळायच्या.

संक्रांतीच्या सकाळी नदीकाठी आणि माळावर ही झुंबड! मेहुण्याच्या शाळेत एकटा मेहुणा, स्वतःच स्वतःला वारा घालत.

राजाने येसूला बोलावलं. "खरं सांग, कुणाकुणाच्या कानात कुजबुजलीस?"

"मी कशाला कुजबुजू? राणीसाहेबांच्या देवघरातलं सुगड मागवा की."

सुगड आलं. राजाने ते फिरवून फिरवून पाहिलं. वड पाहिला, खोपट पाहिलं, आणि एकदम ओरडला, "अरे, हा तर प्रधानजींचा मेहुणा!"

येसूने हात जोडले. "झालं माझं काम! महाराजांनासुद्धा वाचता आलं!"

राजाने आधी प्रधानाकडे पाहिलं, मग सुगडाकडे, आणि असा हसला, असा हसला की मुकुट कानावर आला!

येसूला वडाजवळचं शेत मिळालं. ठकी राजाच्या घोड्यावर बसून नदीकाठच्या शाळेत गेली. आणि सगळ्यात जड पंखा? तो मेहुण्याच्याच हातात राहिला. फक्त बाजेवर आता वडाखालच्या शाळेचे गुरुजी बसले होते, अन् समोर पाटी घेऊन महाराज!