वर बघणारी मुलं

"...आणि ज्या माणसानं आमच्या सगळ्या लहानपणात आपलं तोंड लपवलं, त्याला आता म्हातारपणी ते दाखवायची हौस आली, तर मी का बघावं? तुम्हीच सांगा आक्का."

"हे कोण विचारतंय?" गोदाक्का म्हणाल्या.

"कोण म्हणजे? मी. हेरंब."

"मला तर नुसता डबा दिसतोय."

हेरंबनं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. प्रश्न विचारता विचारता तो आक्कांचे फोटो काढत होता. दोन कामं एकाच वेळी उरकता येतात याचा त्याला अभिमान होता.

मी पलीकडे शेंगा फोडत बसलो होतो. मठात दुपारी मला तेवढंच काम असतं, आणि कान मोकळे असतात.

गोदाक्का आमच्या मठाच्या कर्त्या. ऐंशी कधीच ओलांडलेली. मठाला गुरू म्हणून एक बाई आहेत एवढ्यानंच काही लोक बिचकतात, आणि त्या उपदेश कमी करतात नि सागरगोटे जास्त खेळतात हे पाहून उरलेले. जेवणं झाली की ओट्यावर बसायचं, कनवटीचे पाच गोटे काढायचे आणि एकटीनंच खेळायचं, हा त्यांचा नाद. समोरच्यानं मोक्षाबद्दल विचारावं आणि यांनी एक गोटा वर उडवावा. पुष्कळ जण दुसऱ्यांदा येत नाहीत.

हेरंब गाडेकर यायचा. शहरात त्याचं फोटोग्राफर म्हणून मोठं नाव होतं. ते तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे आम्हाला चौकशी करावी लागली नाही. पण आक्कांवर त्याचा जीव होता, हेही खरं.

त्या दिवशी तो आला तो मुळात आमच्याकडे यायला निघालाच नव्हता.

मठाच्या पायथ्याशी रस्त्याला फाटा आहे. डावीकडे वळलं की साखर कारखाना आणि त्याच्या मागे हेरंबचं गाव. मागे फिरलं की शहर. गावात त्याची बहीण कुमुद वडिलांना सांभाळते. अण्णांचा एक डोळा गेला होता, दुसरा चालला होता. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी शब्द दिला नव्हता.

अण्णांनी एकच मागितलं होतं. "हेरंबला म्हणावं, माझा एक फोटो काढ. मला दिसतंय तोवर मला बघू दे."

कुमुदनं फोन केला. हेरंब 'येतो' म्हणाला आणि गेला नाही. तिनं परत केला. परत 'येतो' म्हणाला. आज शनिवार होता. गाडी फाट्यापर्यंत आली, डावीकडे वळली नाही, मागेही फिरली नाही. चढ चढून आमच्याकडे आली.

"म्हाताऱ्यानं फोटो मागितलाय," आक्का म्हणाल्या. "किडनी न्हाई मागितली."

"प्रश्न फोटोचा नाही आक्का. प्रश्न न्यायाचा आहे."

"बरं."

"मी पुरावा आणलाय."

त्यानं बॅगेतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि आतले फोटो ओट्यावर मांडले. काळेपांढरे, चौकोनी, तळहातावर मावतील एवढे. आक्कांनी आपले गोटे जरा बाजूला सरकवून जागा करून दिली.

"अण्णा कारखान्यात वजनकाट्यावर होते. आठवडाभर उसाच्या गाड्या मोजायच्या आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवायचा. दुसरा नाद नाही, व्यसन नाही. आम्हाला क्वार्टर्सच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभं करायचे. आई, कुमुद, मी. हे बघा. हे बघा. यातल्या एकात तरी अण्णा दाखवा."

"त्येच काढत हुते न्हवं?"

"तेच म्हणतोय मी. काढत होते. म्हणजे आमच्यात नव्हते. कुमुदचे कान टोचले तेव्हा ती रडत होती, आईनं तिला धरलं होतं, मी तिचा हात धरला होता. अण्णा कुठे? पलीकडे. कॅमेऱ्याच्या मागे."

आक्का फोटो बघत होत्या.

"मला त्यांचा त्या वेळचा चेहरा आठवत नाही आक्का. खरंच नाही आठवत. डोळे मिटले की एक काळा कॅमेरा दिसतो आणि त्याच्याखाली हनुवटी. बाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे."

इथे त्याचा आवाज बसला. इतका वेळ मला त्याचा रागच येत होता, पण त्या हनुवटीचं मला वाईट वाटलं.

आक्कांनी एक गोटा वर उडवला, खालचे दोन उचलले, वरचा झेलला.

"फोटो कसं हायत पर?" त्या म्हणाल्या.

"कसे म्हणजे?"

"तू जाणकार. मला काय कळतंय त्यातलं?"

झालं. हेरंबचा बसलेला आवाज उठून उभा राहिला.

"स्पष्ट सांगू? हौशी माणसाचे फोटो आहेत. ही सावली बघा. ऊन पाठीवर घेतलं आणि स्वतःचीच सावली फोटोत आली. एकदा नाही, दर रविवारी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी असा फोटो आणला तर मी बाहेर काढीन त्यांना."

"आनि?"

"आणि नजर. ही तर मोठी चूक. यातल्या एकाही फोटोत आम्ही भिंगात बघत नाही. मी वर बघतोय, कुमुद वर बघतेय. आईसुद्धा. सगळ्यांचे डोळे भिंगाच्या हातभर वर. 'भिंगात बघा' एवढं साधं सांगता आलं नाही त्यांना."

"तू सांगतोस?"

"मी? माझी मुलगी बोलायच्या आधी भिंगात बघायला शिकली. हजारो फोटो आहेत तिचे. एकात नजर चुकलेली सापडायची नाही."

आक्कांनी उडवायला घेतलेला गोटा मुठीतच ठेवला.

मीही एक शेंग फोडायची थांबवली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"आता तुमचंच घ्या," हेरंबनं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. "आल्यापासून काढतोय. खेळताना तुमचा चेहरा काय सुंदर होतो, पण नजर वर. जरा इकडे बघा ना आक्का. एकदाच."

"तिकडं बघितलं तर गोटा पडंल."

"पडू दे की एखादा."

"तूच खेळून बघ." आक्कांनी पाचही गोटे त्याच्यापुढे ओतले. "येक वर टाक. त्यो खाली यायच्या आत खालचं उचल. मग वरचा झेल."

हेरंबनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि गोटा वर उडवला. खालचे नीट पाहून, नेमके उचलले. वरचा त्याच्या गुडघ्यावर आपटून माझ्या शेंगांच्या टोपलीत गेला.

मी तो परत दिला. हसलो नाही, असं मी म्हणणार नाही.

त्यानं पुन्हा टाकला. या वेळी गोटा त्याच्या कपाळावर बसला.

"कुठं बघत हुतास?"

"खाली. जे उचलायचे त्यांच्याकडे."

"ते कुठं पळून चाललेत व्हय? पडल्यात तिथंच. हात जातोय त्यांच्याकडं आपसूक." आक्कांनी त्याच्या हातातले गोटे घेतले. चार खाली टाकले, एक उडवला. त्यांची मान वर गेली, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि खालचा हात आंधळ्यासारखा पण बरोबर जाऊन चारही गोटे गोळा करून आला. "बघायचं कुणाकडं?"

"वरच्याकडे," हेरंब कपाळ चोळत म्हणाला.

"व्हय ना?"

मग आक्कांनी ओट्यावरचा एक फोटो उचलला. त्यात कुमुदचे पुढचे दात पडलेले होते. हेरंबच्या अंगात हातानं विणलेला स्वेटर होता आणि हातात सायकलचा पंप. दोघं वर बघत होते आणि दोघांची तोंडं किंचित उघडी होती.

"मग ही पोरं कुणाकडं बघत्यात? कावळा बसला हुता का वर?"

हेरंब हसला. "दर रविवारी कसा कावळा बसेल, आक्का? तिथे काही..."

आणि थांबला.

"कॅमेरा कसला हुता रं अण्णांचा?"

"दोन भिंगांचा. जुना. माझ्याकडेच आहे, दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात. वरचं झाकण उघडायचं, गळ्यात अडकवायचा आणि पोटाशी धरून वरून आत..."

पुन्हा थांबला.

"सांग की. मला कुठं म्हाईत हाय?"

"पोटाशी धरून वरून आत बघायचं." हेरंब आता आक्कांशी बोलत नव्हता. "डोळ्याला लावताच येत नाही तो. लावून काही दिसतच नाही."

आक्कांनी फोटोतल्या सावलीवर बोट ठेवलं. बारक्या मुलांच्या पायांपर्यंत आलेली ती लांबलचक सावली.

"हिचं हात कुठं हायत?"

"पोटाशी."

"डोकं?"

हेरंबनं फोटो हातात घेतला, उन्हाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला. इतकी वर्षं त्यानं या सावलीत फक्त चूक पाहिली होती. खांदे. दुमडलेली कोपरं, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. आणि वर डोकं.

"मोकळं आहे," तो म्हणाला. "डोकं मोकळं आहे, आक्का."

आक्का गोटे चाचपत राहिल्या.

"ते आधी मान खाली घालून आत बघायचे," हेरंब सावकाश म्हणाला. "बराच वेळ. कुमुद कंटाळायची, मला मुंग्या चावायच्या. मग सगळं जुळलं की मान वर करायचे. कॅमेरा तसाच पोटाशी. आणि मी विचारायचो... मी दर वेळी विचारायचो, कुठे बघू अण्णा? आणि ते म्हणायचे, माझ्याकडं. आणि डावी भुवई उडवायचे. एकच. तिच्यात एक खाच होती, उसाच्या गाडीचा लोखंडी आकडा लागलेला. ती भुवई अशी मधेच तुटायची, आणि आई हसायची, आणि तेवढ्यात..."

त्यानं बोटानं हवेत बटण दाबलं.

मग तो रडला. चेहरा ओंजळीत वगैरे झाकला नाही. तसाच मांडी घालून, मान वर करून रडला. मला फार बरं वाटलं. माणसाला बाप सापडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आक्कांनी मला खुणेनं पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. तो प्यायला.

भांडं खाली ठेवता ठेवता त्याचं काहीतरी अडलं.

"आक्का."

"हां."

"मग तो काळा कॅमेरा, आणि खाली ती हनुवटी... मला इतकी स्पष्ट आठवते. ती कुणाची?"

आक्कांनी त्याच्या छातीवर लोंबणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मग उगाच टोपलीतली फोलपटं चिवडत बसलो.

हेरंबनं कॅमेऱ्यावर हात ठेवला. कुणी तो काढून घेईल म्हणून नव्हे. तो आहे का तिथे, हे बघितल्यासारखा.

"मुलीचे फोटो काढताना कपाटाच्या काचेत दिसते ती," तो म्हणाला. "मुलगी सात वर्षांची आहे." एवढंच म्हणाला.

ओट्यावरून ऊन उतरायला लागलं होतं. हेरंबनं फोटो गोळा केले, पाकिटात घातले, पाकीट बॅगेत न टाकता खिशात ठेवलं. उठला, आक्कांच्या पाया पडला. उभा राहिला तेव्हा तो पुन्हा नेहमीचा हेरंब होता, ताठ, घाईत, सगळं ठाऊक असलेला. त्याचंही मला बरंच वाटलं. दरवेळी माणूस आमूलाग्र बदलायलाच हवा असं काही नाही.

"निघतो. आत्ता निघालो तर उजेड सापडेल. अण्णांना जुन्या क्वार्टर्सच्या मागे नेऊन बसवतो, टाकीजवळ. टाकी अजून आहे. पाठीमागे काही नको, साधी भिंत बरी. कुमुदला सांगतो त्यांना पांढरा सदरा घालायला."

"जा."

तो पायऱ्या उतरला. गाडीचं दार उघडलं. मग काहीतरी आठवून तसाच परत वर आला.

"आक्का, एक राहिलं. त्यांना आता धड दिसत नाही. भिंग कुठे आहे ते त्यांना कळायचं नाही. फोटो काढताना त्यांना कुठे बघायला सांगू?"

आक्कांनी गोटा उडवला. तो खाली येईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावरून हलली नाही.

"त्यांना काय सांगतोस?" झेलून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तू विचार, कुठं बघू."