शेवंती आणि पायरीवरचे पाहुणे

निळ्या डोंगराच्या कुशीत, जिथे थंडीच्या दिवसांत धुकंसुद्धा उशिरापर्यंत लोळत पडतं, तिथे शेवंती नावाची एक मुलगी राहायची. तिचं घर इवलंसं, घराची खिडकी त्याहून इवलीशी, आणि घरातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे एक पितळी परात. ती मात्र अशी लखलखीत घासलेली, की सकाळी सूर्यानं डोकावलं तर त्याला आपलंच तोंड दिसावं.

या परातीत शेवंतीची आई संक्रांतीचा हलवा करायची. परातीत तिळाचे दाणे, त्यांवर साखरेच्या पाकाचे थेंब, खाली मंद निखारे आणि वर आईची फिरणारी बोटं. बघता बघता दाण्यांना चिमुकले, पांढरेशुभ्र काटे फुटायचे. त्या हलव्याचे हार आणि मुकुट घालून गावातल्या नव्या सुना आणि गुबगुबीत बाळं मिरवायची. पण गेल्या वर्षी आईची बोटं आखडली. गारठ्यात तर ती मिटलेलीच राहायची. संक्रांत आली आणि गेली, आणि बाजारात आई जिच्यावर हलवा मांडायची ती फळी रिकामीच राहिली.

तेव्हा शेवंती म्हणाली, "आई, आता दुकान मी चालवणार."

म्हणाली खरी, पण आमच्या या शेवंतीचं एक होतं. तिच्या डोक्यात विचार शिरले की बाहेर निघायचं नावच घेत नसत. दाण्यांवर पाक टाकला की ती थांबायची. पाक जास्त झाला तर? निखारे विझले तर? काटे आलेच नाहीत आणि लोक हसले तर? तोवर तिचा हातही थांबलेला असायचा. आणि हलव्याला थांबलेला हात मुळीच चालत नाही. दाणे एकमेकांना घट्ट मिठी मारतात, आणि परातीत हलव्याऐवजी एक जाडजूड ढेकूळ उरतं.

"मन चिंती ते वैरी न चिंती, बाळा," आई म्हणायची. शेवंती मान डोलवायची आणि मग त्यावरही विचार करत बसायची.

संक्रांत तोंडावर आली तसे बाजाराचे मुकादम दारात उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचं ते तोंडावर बोलायचा.

"शेवंते, संक्रांतीच्या सकाळी फळीवर हलवा दिसला तर फळी तुमची. नाही दिसला तर मी ती फुगेवाल्याला देणार. रिकामी फळी किती दिवस राखू मी?"

शेवंतीला कळून चुकलं: ती फळी गेली तर आईचं दुकान कायमचं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती काटक्या गोळा करायला ओढ्याकाठच्या बागेत गेली. बाग काय सुंदर दिसत होती! झेंडू केशरी, गोकर्ण निळी, आणि पानापानावर दवाचे मोती. इतक्यात बोरीच्या झाडातून बारीकसा आवाज आला, "अगं, जरा इकडे ये ना."

बोरीच्या काट्यांत करंगळीएवढी एक परी अडकली होती. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ होते आणि त्यांवर सात रंग झुळझुळत होते. शेवंतीनं सरळ काट्यांत हात घातला. हाताला ओरखडे उठले, पण पंख अलगद सुटला.

"मी दवपरी," परी म्हणाली. "तू गुणाची आहेस. तुला तीन इच्छा देते. हे बघ."

गवताच्या एका पात्यावर तीन थेंब चमकू लागले. एक गुलाबी, एक पिवळा, एक निळा.

"नियम मात्र ऐक. थेंब पडायच्या आत इच्छा बोलायची. थेंब पडला की इच्छा गेली. आणि बोललेली इच्छा परत घ्यायची नाही."

शेवंतीचे डोळे लकाकले. परातभर हलवा मागू? पण तो आईच्या हलव्यासारखा नसला तर? मग पोतंभर साखर मागू? पण मुंग्या आल्या तर?

टप्. गुलाबी थेंब मातीत गेला.

"मला मोठं दुकान..." ती घाईघाईनं म्हणाली. "नको, मोठं कोण झाडणार? लहान... पण लहान कुणाला दिसलंच नाही तर?"

टप्. पिवळाही गेला.

शेवंतीला रडू फुटलं. निळा थेंब पात्याच्या टोकाशी थरथरत होता. तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी पडलं. जांभळ्या पिसांचा एक चिमुकला शिंजीर पक्षी! बिचारा थंडीनं काकडून गेला होता, डोळेसुद्धा उघडत नव्हता.

शेवंतीनं त्याला ओंजळीत घेतलं आणि ती म्हणाली, "जे गारठलंय त्याला ऊब मिळू दे."

निळा थेंब झळाळला. पक्ष्यानं डोळे उघडले, पंख फडफडवले आणि तो भुर्रकन उडाला. आता पात्यावर काहीच नव्हतं.

"या वेळी विचार नाही केलास?" परीनं हळूच विचारलं.

"त्यात कसला विचार? तो उघड्यावर काकडत होता."

"मग परातीतला तीळ तरी काय करतो गं? तोही उघडाच असतो. त्याला साखरेचं अंगडं हवं असतं आणि तू मध्येच थांबतेस. काट्यांत घातलास ना, तोच हात परातीत घाल."

परी दवात दिसेनाशी झाली. शेवंतीनं डोळे पुसले, काटक्या उचलल्या आणि ती घरी आली. तिनं शेगडी पेटवली, परात चढवली. विचार लगेच हजर झाले. पाक जास्त झाला तर? लोक हसले तर?

"तुम्ही बाहेर पायरीवर बसा," शेवंती ठामपणे म्हणाली. "माझा हलवा झाला की बोलू."

आणि तिनं हात फिरवायला सुरुवात केली. पहिला घाणा बिघडलाच. तिनं ते ढेकूळ बाजूला ठेवलं आणि नवे तीळ घेतले. बोटं भाजली, तिनं त्यांवर फुंकर घातली. पुन्हा थेंब, पुन्हा हात. आई शेगडीशी बसून सांगत होती, "हळू गं, दाणा दुखवू नकोस." रोज पहाटे शेवंती उठायची, विचारांना पायरीवर बसवायची आणि हात चालू ठेवायची. आणि एका पहाटे तिच्या बोटांना काहीतरी टोचलं. तिळाला काटे फुटले होते! पांढरेशुभ्र, नाजूक, चांदण्यांसारखे.

संक्रांतीच्या सकाळी फळीवर हलवा होता. परातभर नव्हता, छोटं ताटभरच होता. मुकादमांनी एक दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"फळी तुमची," ते म्हणाले. "पण शेवंते, हार कुठाय? नव्या सुना हार मागणार."

हार ओवायला शेवंतीला येत नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या आईची बोटं वळत नव्हती. तेवढ्यात जांभळा शिंजीर येऊन फळीवर बसला आणि त्याच्या मागोमाग दवपरी आली, झगमगत, केशरी उन्हाची किनार लेवून.

"जे गारठलंय त्याला ऊब मिळू दे, म्हणालीस. फक्त पक्ष्याला, असं नाही म्हणालीस," ती म्हणाली. "विचार करून मागितली असतीस तर मोजून मागितली असतीस. माझ्याकडे अजून पुष्कळ ऊब उरलीय."

तिनं आईच्या हातांवरून पंख फिरवला. आखडलेली बोटं एकेक करून उमलली. आईनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तिनं पुड्या बांधायचा दोरा उचलला आणि पहिला दाणा ओवला. शेवंती आईला बिलगली आणि आनंदानं रडली. तिनं मान वर केली तेव्हा परी नव्हती. नुसता सोनेरी उजेड होता, फळीवर, हलव्यावर, सगळ्या बाजारावर.

संध्याकाळी दोघी घरी परतल्या. पायरीवर सगळे विचार अजून ताटकळत बसले होते. उद्या गिऱ्हाईक आलंच नाही तर? पाऊस आला तर?

शेवंती हसली. तिनं प्रत्येकाच्या हातावर हलव्याचा एकेक दाणा ठेवला.

"हलवा घ्या," ती म्हणाली, "आणि गोड बोला."